लिखाण अडलं की काय करावं: पुण्यात नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

कथेची दोन पानं झाली आणि तिसऱ्यावर पेन थांबलं. कवितेची पहिली ओळ सुचली, दुसरी महिना झाला तरी येत नाही. लॅपटॉप उघडायचा, आधीचंच वाचायचं, दोन शब्द बदलायचे आणि मिटून ठेवायचा. नव्याने लिहायला लागलेल्या बहुतेकांचं असं होतं, आणि त्यातले बरेच जण लगेच ठरवून टाकतात की हे आपलं काम नाही. फार घाई होते ती. पुण्यात नोकरीला, शिकायला, स्पर्धा परीक्षेसाठी आलेली कितीतरी मुलंमुली रात्री खोलीवर काहीबाही लिहीत असतात. घरचं सगळं उरकून दुपारी वही काढणाऱ्या बायका आहेत, निवृत्तीनंतर पहिल्यांदा लिहायला बसलेले काका आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. अडलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं सहसा भरपूर असतं. पण कागदावर उतरायच्या आधीच तो प्रत्येक वाक्य मनात तपासतो, आणि तिथेच ते अडकतं. म्हणून सगळ्यात आधी आपण नेमके कुठे अडलोय ते शोधायचं.

पायरी पहिली: तोंडी सांगून बघा

जे लिहायचंय ते जवळच्या कुणाला तरी फोनवर सांगा. सांगण्यासारखं कुणी नसेल तर मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यालाच सांगा. पाचेक मिनिटं पुरतात. सांगताना वही समोर नको.

आता काय झालं ते बघा. रंगून सांगितलंत, समोरच्याने "मग?" विचारलं, तरीही लिहायला जमत नाही, असं असेल तर गोष्ट तुमच्याकडे आहे. भीती भाषेची किंवा नियमांची आहे. दुसरी आणि तिसरी पायरी तुमची. सांगतानाच मध्ये "म्हणजे तिथे असं काहीतरी होतं..." असं पुटपुटायची वेळ आली, तर अजून माहिती कमी आहे, ऐवज कमी आहे. त्याची सोय चौथ्या पायरीत आहे. आणि सांगता सांगता तुम्हालाच कंटाळा आला, तर तो विषय बहुधा दुसऱ्याचा आहे. कुठल्या तरी स्पर्धेत असले विषय चालतात म्हणून घेतलेला, किंवा सगळे त्यावर लिहितायत म्हणून आपणही धरलेला. तो खुशाल सोडा. तुमची ताकद त्यात घालवायचं कारण नाही.

पायरी दुसरी: पहिला खर्डा घरच्या बोलीत

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पुण्यात येऊन लिहिणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं असं माझं मत आहे.

लातूरहून, यवतमाळहून, धुळ्याहून आलेल्या मुलाच्या बोलण्यावर वर्गात किंवा ऑफिसात दोन-चारदा कुणी हसलं की तो शब्द तोलून बोलायला लागतो. बोलताना ते निभावतं. लिहायला बसल्यावर मात्र प्रत्येक वाक्याआधी "हे असंच म्हणतात ना?" हा प्रश्न आडवा येतो. घरी आई "कुठी जाऊन राहिला रे?" म्हणते, आणि कागदावर तीच आई "तू कुठे निघाला आहेस?" असं विचारते. झालं. ती आता त्याची आई राहिली नाही, पाठ्यपुस्तकातली कुणीतरी बाई झाली. ती पुढे काय बोलेल हे त्याला सुचत नाही, आणि सुचणारही नाही, कारण या बाईला तो ओळखतच नाही. त्याला वाटतं आपली प्रतिभा आटली. खरं तर फक्त आईची भाषा बदलली गेलीय.

म्हणून पहिला खर्डा सगळाच्या सगळा घरच्या बोलीत लिहा. संवादच नव्हे, निवेदनसुद्धा. नंतर प्रकाशित करताना निवेदन प्रमाण भाषेत आणायचं की तसंच ठेवायचं हे तेव्हा ठरवा. लिहिताना हात अडत असेल तर बोला. मोबाइलवरच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून माइकचं बटण दाबलं की बोललेलं टाइप होत जातं. बोलीतले शब्द ते कधी कधी भलतेच करून टाकतं, म्हणून सोबत रेकॉर्डिंगही ठेवावं आणि नंतर ऐकत ऐकत स्वतः उतरवून काढावं. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला संकोच वाटतो. तरी ऐका. तुम्ही कुठे थांबता, कुठे घाई करता, कुठला शब्द पुन्हा पुन्हा घेता, हे त्यातूनच कळतं आणि तीच तुमची शैली असते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांनी म्हटलेल्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या, आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. खानदेशी बोलीतलं ते बोलणं आज साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आपल्या बोलीत लिहिलं तर पुण्यात कोण वाचणार, अशी धास्ती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा.

राहिला प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. त्यावरून लोक इतके बिचकतात की लिहायचंच सोडून देतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत: १४ नियम १९६२ सालचे, ४ नंतर १९७२ साली आलेले. एका संध्याकाळी वाचून होतात. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा त्या नियमांतच आहे. हे सगळं काम शेवटच्या खर्ड्याचं. पहिल्या खर्ड्यात 'की' ऱ्हस्व पडला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

याच ओघात दुसऱ्या नियमांविषयीही सांगायला हवं. माइक रोज नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांशी बोलून, लिहिताना काही जण का अडतात आणि काही का अडत नाहीत, याचा शोध घेतला. त्याचा लेख १९८० साली आला. अडणाऱ्यांची बुद्धी किंवा कुवत कमी नव्हती. कुणीतरी कधीतरी सांगितलेला नियम ते दगडावरची रेघ समजून पाळत होते. सुरुवात वाचकाला पकडणारीच हवी, या नियमापायी एक विद्यार्थिनी पहिल्या परिच्छेदातच अडकून पडायची. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण गरज पडली की ते बाजूला ठेवायचे.

आपल्याकडचे नियम निराळे, त्रास तोच. शेवटी कलाटणी हवी. एक शब्द दोनदा येता कामा नये. इंग्रजी शब्द नको. कथेतून संदेश मिळाला पाहिजे. तुमचे असे जे काही नियम असतील ते एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तो कुणी सांगितला ते लिहा. निबंधाचे गुण देणारे शाळेतले बाई-सर त्यात हमखास निघतील. त्यांचं तेव्हाचं म्हणणं तेव्हाच्या कामापुरतं बरोबर होतं. हा कागद घडी करून दुसऱ्या खर्ड्यासाठी ठेवून द्या.

पायरी तिसरी: दहा मिनिटं हात थांबवायचा नाही

पीटर एल्बो या अमेरिकन लेखन-शिक्षकाने १९७३ पासून ही पद्धत लोकप्रिय केली, आणि नवख्यांसाठी इतका साधा दुसरा उपाय मला माहीत नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं लिहायचं. या वेळात खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही, हात थांबवायचा नाही. काही सुचलं नाही तर "काही सुचत नाही" हेच लिहीत राहायचं, दुसरं काहीतरी येईपर्यंत. ते येतंच.

यासाठी महागडी डायरी घेऊ नका. चांगल्या कागदावर वाईट लिहायला मन धजत नाही. ऑफिसातले किंवा झेरॉक्सच्या दुकानातले पाठकोरे कागद सर्वांत चांगले. नाहीतर अप्पा बळवंत चौकातून साध्या फुलस्केप वह्या आणा. मोबाइलवर हा प्रकार नीट जमत नाही, कारण खोडायचं बटण अंगठ्याशीच असतं.

नुसतं "माझ्या मनात काय चाललंय" असं घेऊन बसलात तर चार ओळींत पोकळ व्हायला होतं. सुरुवात एखाद्या ठोस वाक्याने करा: "आमच्या घरात त्या माणसाचं नाव कुणी काढत नसे", "पुण्यात मिळालेल्या पहिल्या खोलीत खिडकी होती पण", "त्या दिवशी मी गप्प बसले, कारण". लिहून झालं की कागद उलटा ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन वाचा आणि जे वाक्य जिवंत वाटतं त्याच्याखाली रेघ मारा. दोन पानांत एखादंच निघेल. त्या दिवशीची दहा मिनिटं त्या वाक्यापासून सुरू करायची. आठवडाभर असं केलंत की बऱ्याचदा लेखाचा किंवा कथेचा खरा विषय हाती लागतो, आणि तो तुम्ही ठरवलेल्या विषयाहून वेगळाही असू शकतो.

पायरी चौथी: ऐवज गोळा करा

माहितीच नसेल तर दहा मिनिटं काय आणि दहा तास काय. समजा पानशेतच्या पुरावर कथा लिहायचीय. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, त्या दिवशी बुधवार होता, आणि पूर दिवसाढवळ्या शहरात शिरला. हे माहीत नसलेला लेखक अंधार, विजा, कंदील असं काहीतरी रंगवतो आणि तिसऱ्या पानावर अडतो, कारण त्याला दिसतच नाही काही. नारायण पेठेत, शनिवार पेठेत त्या दिवसाच्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा अजून आहेत. त्यांना "कसं वाटलं?" विचारू नका. घरातून सगळ्यात आधी काय उचललं ते विचारा. परतल्यावर चिखलात काय सापडलं ते विचारा. अशा दोन उत्तरांवर एक कथा उभी राहते.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाचेक महिन्यांत, पेन्सिलीने लिहून काढलं. पण त्यामागचं वाचन आणि चिंतन कित्येक वर्षांचं होतं. लिहिणं जलद झालं ते त्याआधीच्या साठवणीमुळे. म्हणून वाचण्यात, विचारण्यात, फिरण्यात गेलेले दिवस वाया गेले असं समजू नका. मात्र रोजचं टिपण हवं, नाहीतर ते नुसतं फिरणंच होतं.

टिपणासाठी पुण्यासारखं शहर नाही. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, एकच वस्तू निवडा, कुलूप, चष्मा, बिघडलेला रेडिओ, काहीही, आणि तिचा आधीचा मालक कोण असेल यावर घरी येऊन एक पान लिहा. मंडईत सकाळी उभं राहून ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या, माणसांचं वर्णन नको, फक्त वाक्यं. जुन्या काळाबद्दल लिहीत असाल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागदपत्रं जपत आलंय. आधी चौकशी करून जावं.

आणि टेकडी. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, जी जवळ असेल ती. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालणाऱ्यांना नव्या कल्पना सुचण्याचं प्रमाण बसलेल्यांपेक्षा सरासरी ६० टक्के जास्त आढळलं, आणि चालून आल्यावर बसल्यावरही हा परिणाम काही वेळ टिकला. त्याच प्रयोगांतलं दुसरं निरीक्षण फारसं कुणी सांगत नाही: एकच बरोबर उत्तर शोधायचं असेल तेव्हा चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे "आता पुढे काय काय होऊ शकेल?" हा प्रश्न घेऊन टेकडी चढा. वाक्य दुरुस्त करायचं काम टेबलाशीच. वर जाताना कानात गाणी नकोत, आणि खिशात एक कागद असू द्या.

पायरी पाचवी: मध्येच अडलेली कथा

इथे एक उदाहरणच घेऊ. मुलगा हिंजवडीत नोकरीला, वडिलांना गावची जमीन विकायचीय, मुलगा दोन दिवसांसाठी गावी आलाय. लेखकाने लिहिलंय:

"बाबा, जमीन विकू नका. ती आपली आई आहे."
"बाळा, काळ बदलला आहे."

आणि इथे गाडी थांबलीय. थांबणारच, कारण दोघांनीही शेवटचंच बोलून टाकलं. आता बोलायला उरलं काय? अशा वेळी तीन गोष्टी करा. पहिली, मोठे शब्द काढून टाका: आई, काळ, माती, मुळं. दुसरी, या तासाभरात कुणाला काय हवंय ते ठरवा. आयुष्यात काय हवंय ते राहू दे. वडिलांना आज कागदावर सही हवीय. मुलाला पाचची एसटी गाठायचीय. तिसरी, तिथे आणखी एक माणूस आणा आणि त्याच्या हाताला काम द्या.

"पाचची गाडी मिळंल ना मला?"
"मिळंल की. च्या तरी घे. सही काय, दोन मिन्टाचं काम."
आईनं कप आणून ठेवला, नेमका कागदावर.
"अगं, कागद!"
"भिजला तर भिजू द्या," आई म्हणाली.

आता पुढचं वाक्य आपोआप खुणावतं. जमिनीबद्दल कुणीच बोललेलं नाही, तरी तिघांचंही म्हणणं कळलं. आईची बाजू आधी लेखकालाही माहीत नव्हती. ती कप ठेवताना कळली.

एवढं करूनही हललं नाही, तर मागे जाऊन शेवटचं जिवंत वाक्य शोधा आणि त्यानंतरचं सगळं वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. फेकू नका, पण समोर ठेवू नका. अडचण बहुतेकदा थांबलो त्या जागी नसते, त्याच्या पानभर आधी घेतलेल्या वळणात असते. किंवा सरळ पुढचा, तुम्हाला स्पष्ट दिसणारा प्रसंग लिहा. क्रमाने लिहायची सक्ती कुणी केलेली नाही.

रोजची वेळ

यावर फार बोलण्यासारखं नाही. वेळ थोडी, ठरलेली आणि रोजची असावी. रविवारी सहा तास बसू, असं म्हणणाऱ्यांचा रविवार कपडे धुण्यात जातो. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी अभ्यास आधी करावा, लिहिण्याची दहा मिनिटं पुरतात, आणि त्याबद्दल मनाला खात बसू नये. खोलीवर चौघं राहत असाल तर वाचनालय गाठा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेचं ग्रंथालय आहे. वेळा आणि वर्गणी आधी विचारून घ्या. उठताना एक करा: पुढचं वाक्य ठाऊक असतानाच थांबा, आणि ते चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

अडलंय ते लिखाणच का?

हेही स्वतःला विचारा. झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडत्या गोष्टीतही मन रमत नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलंय, तर हा लिखाणाचा प्रश्न नाही आणि वरच्या कुठल्याही पायरीने तो सुटणार नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. एकटं राहणाऱ्यांनी तर हा क्रमांक फोनमध्ये ठेवावाच. लिखाण थांबलं तर थांबू द्या, ते कुठे जात नाही.

पायरी सहावी: एका माणसाला वाचून दाखवा

पाठवून देऊ नका, वाचून दाखवा. ऐकणारा एकच असावा आणि तो शक्यतो लेखक नसावा. वाचून झाल्यावर "कसं वाटलं?" विचारलं की "छान आहे" एवढंच मिळतं, आणि त्याने कुणाचंच भलं होत नाही. त्याऐवजी म्हणा, "आता तू मला सांग, यात काय झालं?" तो जे सांगेल ते पोचलं. जे गाळेल ते एकतर नीट लिहिलं गेलं नाही किंवा त्याची गरजच नव्हती. जिथे तो स्वतःच्या मनाने काही जोडेल तिथे कान टवकारा, पुढचा खर्डा तिथून निघू शकतो.

महाविद्यालयात असाल तर एकांकिकेच्या तालमीसारखी शाळा नाही. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि त्याच्या तालमीत लिहिणाऱ्याला आपलं वाक्य नटाच्या तोंडात अडखळताना रोज ऐकायला मिळतं. तिथे अडून बसायला सवड नसते, उद्या संध्याकाळी प्रवेश लागतो. लिहिणाऱ्याची सोय नसेल तर पडदा ओढायचं काम घ्या, पण तालमीला जाऊन बसा.

बाकीच्यांनी मुदतीसाठी दिवाळी अंक धरावेत. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाला वर्षातून एकदा दार उघडं असतं. साहित्य मागवलं जातं पावसाळ्यात, म्हणून मे-जूनमध्ये खर्डा हातात हवा. गेल्या वर्षीचे दोन-तीन अंक वाचनालयातून आणून वाचा, आपली कथा कुठल्या अंकात शोभेल ते ठरवा, शब्दमर्यादा पाळा आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. पाठवलेल्या मजकुराची प्रत आणि तारीख वहीत नोंदवून ठेवा. उत्तर यायला महिने लागतात, काही ठिकाणांहून येतच नाही. दिवाळी झाली आणि अंकात कथा दिसली नाही, तर एक फोन करून विचारा आणि मगच ती दुसरीकडे पाठवा.